ठिपक्यांमागचा माणूस

प्रिंटरमधून बाहेर आलेल्या रंगीत फोटोकडे कधी भिंगातून बघितलंय? नसेल तर आजच बघा. हॉस्टेलवर कुणाकडे तरी भिंग सापडतंच, नाहीतर फिजिक्स लॅबमधून मागून आणा. दुरून जो गाल गव्हाळ आणि गुळगुळीत दिसतो, तो जवळून म्हणजे नुसते ठिपके! निळसर, गुलाबी, पिवळे आणि काळे. त्यात गव्हाळ रंगाचा एकही ठिपका नसतो. साध्या प्रिंटरच्या पोटात चारच शाया असतात आणि प्रत्येक शाई कागदावर एक तर पडते किंवा पडत नाही. अर्धवट फिकी पडणं तिला जमत नाही. मग फिका रंग कुठून येतो? ठिपका लहान करून, किंवा ठिपके विरळ पेरून. शाईचा रंग आणि कागदाचा पांढरेपणा आपल्या डोळ्यात मिसळतो आणि डोळा फसतो. या गोड फसवणुकीला हाफटोनिंग म्हणतात.

आपल्या कम्प्युटर आणि इलेक्ट्रॉनिक्सवाल्यांना इमेज प्रोसेसिंगमध्ये हाफटोनिंग, डिदरिंग, एरर डिफ्यूजन हे शब्द भेटतात. परीक्षेच्या आदल्या रात्री आपण त्यांवर टीप पाठ करतो आणि पेपर झाला की विसरून जातो. पण हे ठिपके काही कम्प्युटरबरोबर जन्माला आलेले नाहीत. ते त्याच्याही बरेच आधीचे आहेत. आणि ते कसे पडतात याचं शास्त्र पक्कं करणाऱ्या जगातल्या मोजक्या लोकांमध्ये एक माणूस कलकत्त्याच्या एका गल्लीत राहत होता, लहान मुलांसाठी गोष्टी लिहीत होता आणि व्हायोलिन वाजवत होता. त्याचं नाव उपेंद्रकिशोर रायचौधुरी.

बहुतेकांना ते माहीत असतात सत्यजित राय (आपण ज्यांना सत्यजित रे म्हणतो) यांचे आजोबा म्हणून. बंगालमध्ये ते बालसाहित्याचे एक जनक म्हणून घराघरात माहीत आहेत. इंजिनीअरिंगची पदवी त्यांच्याकडे नव्हती. तरी मला वाटतं, आपल्या कॉलेजच्या मासिकात त्यांची ओळख इंजिनीअर म्हणूनच व्हायला हवी. का, ते पुढे कळेलच.

उपेंद्रकिशोरांचा जन्म मे १८६३ मधला, मैमनसिंग जिल्ह्यातल्या मसूआ या गावचा. हा भाग आज बांगलादेशात आहे. त्यांचं जन्मनाव होतं कामदारंजन राय. वडील कालीनाथ राय संस्कृत, अरबी आणि फारसीचे जाणकार. पाच वर्षांचे असताना नात्यातल्याच एका जमीनदारांनी, हरिकिशोर रायचौधुरींनी, त्यांना दत्तक घेतलं आणि कामदारंजनचे उपेंद्रकिशोर झाले. त्यांचे थोरले भाऊ सारदारंजन पुढे बंगालमधल्या क्रिकेटचे जनक म्हणून प्रसिद्ध झाले. म्हणजे घरात पुस्तकं, खेळ, गाणं, सगळंच होतं.

१८८० साली ते एन्ट्रन्स परीक्षा पास झाले आणि शिकायला कलकत्त्याला आले. आधी प्रेसिडेन्सी कॉलेज, मग मेट्रोपॉलिटन इन्स्टिट्यूशन. १८८४ मध्ये बी.ए. झाले. पण कॉलेजच्या पुस्तकांपेक्षा त्यांचा वेळ चित्रकला आणि संगीतात जास्त जायचा, हे आपल्यातल्या अनेकांना ओळखीचं वाटेल! व्हायोलिन, बासरी, पखवाज, हार्मोनियम अशी बरीच वाद्यं ते वाजवत. हार्मोनियम शिकवणारं पुस्तकही त्यांनी लिहिलं.

याच काळात ते ब्राह्मो समाजात गेले. मूर्तिपूजा आणि जातपात न मानणारा, मुलींच्या शिक्षणाचा आग्रह धरणारा हा सुधारकांचा समाज. पुढे त्यांचं लग्न झालं ते द्वारकानाथ गांगुली या कट्टर सुधारकाच्या मुलीशी, बिधुमुखीशी. द्वारकानाथांच्या दुसऱ्या पत्नी म्हणजे डॉक्टर कादंबिनी गांगुली. आपल्या आनंदीबाई जोशी १८८६ साली अमेरिकेत डॉक्टर झाल्या, आणि त्याच वर्षी कादंबिनी कलकत्ता मेडिकल कॉलेजातून डॉक्टर झाल्या. अशा घरात उपेंद्रकिशोर जावई म्हणून गेले. कॉर्नवॉलिस स्ट्रीटवरच्या १३ नंबरच्या मोठ्या वाड्यात ही सगळी मंडळी एकत्र राहायची. तिथेच १८८७ साली त्यांचा मुलगा सुकुमार जन्मला. पुढे एकूण सहा मुलं झाली, तीन मुली आणि तीन मुलगे.

घरात इतकी मुलं असली की गोष्टी सांगाव्याच लागतात. उपेंद्रकिशोर नुसते सांगत नव्हते, लिहीत होते आणि त्यांची चित्रंही स्वतःच काढत होते. १८९० च्या दशकात त्यांनी मुलांसाठी सोप्या बंगालीत रामायण लिहिलं, 'छेलेदेर रामायण'. त्यासाठी मन लावून चित्रं काढली. पुस्तक छापून आलं... आणि चित्रांचा पार विचका झाला होता.

दोष कोणा एकाचा नव्हता, पद्धतच तशी होती. त्या काळी पुस्तकातलं चित्र छापायचं म्हणजे ते आधी कारागिराने लाकडावर कोरायचं. रेघांचं चित्र असेल तर ठीक. पण ब्रशने हळूहळू फिकी होत गेलेली सावली, ढगाची कड, चेहऱ्यावरचा उजेड हे लाकडावर कसं कोरणार? कोरणारा आपल्या अंदाजाने रेघा मारायचा. चित्र चित्रकाराचं उरायचं नाही, कोरणाऱ्याचं व्हायचं. दुसरा रस्ता म्हणजे दगडावरची छपाई, लिथोग्राफी. आपल्याकडे राजा रविवर्मांनी १८९४ साली मुंबईत याच पद्धतीचा छापखाना काढला, तो पुढे लोणावळ्याजवळ मळवलीला गेला. तिथली लक्ष्मी-सरस्वतीची चित्रं आपल्या आज्यांच्या देवघरात होती. त्यात रंगागणिक वेगळा दगड लागायचा आणि दगडावर बारीक बारीक ठिपके कारागीर हाताने काढायचे. काम सुंदर, पण ठिपका कुठे आणि केवढा हे पुन्हा माणसाच्या हातावर. शिवाय ही चित्रं खिळ्यांच्या मजकुराबरोबर एकाच वेळी छापता यायची नाहीत.

चित्र बिघडलं तर आपण काय करतो? छापखानेवाल्याशी भांडतो आणि पुढच्या वेळी दुसऱ्याकडे जातो. उपेंद्रकिशोरांनी वेगळंच केलं. युरोप-अमेरिकेत चित्राचा फोटो घेऊन त्यावरून थेट धातूचा ठसा बनवायची हाफटोन पद्धत नुकतीच बाजारात आली होती. ४ मार्च १८८० ला न्यूयॉर्कच्या 'डेली ग्राफिक' या दैनिकात असा पहिला फोटो छापला गेला होता. म्युनिकचे मायझेनबाख, अमेरिकेतले आइव्ज आणि लेव्ही बंधू यांनी ती पद्धत पुढे नेली होती. उपेंद्रकिशोरांनी लंडनच्या पेनरोज कंपनीकडून कॅमेरा, काचेचा पडदा, रसायनं असं सगळं सामान बोटीने मागवलं आणि १८९५ साली कलकत्त्यात स्वतःचा ब्लॉक बनवण्याचा धंदा सुरू केला. भारतात हे काम सुरू करणाऱ्यांत ते अगदी पहिल्या फळीतले. शिकवायला जवळपास कोणी गुरू नव्हता. पुस्तकं वाचायची, करून बघायचं, चुकायचं, परत करायचं. कलकत्त्यात वीज कंपनीचा पुरवठाही १८९९ साली सुरू झाला, म्हणजे सुरुवातीच्या काळात भिंतीला प्लगसुद्धा नव्हता.

आता थोडं टेक्निकल. घाबरू नका, दहावीची भूमिती पुरेल.

हाफटोनचा पडदा म्हणजे एक काच. तिच्यावर एकमेकींना काटकोनात छेदणाऱ्या अत्यंत बारीक काळ्या रेघा, एका इंचात १०० किंवा १५० सुद्धा. रेघांच्या मधे राहिलेली चौकोनी भोकं पारदर्शक. हा पडदा कॅमेऱ्यात फोटोच्या काचेच्या अगदी पुढे, पण तिला न चिकटवता, थोडं अंतर ठेवून बसवायचा. लेन्समधून आलेला उजेड या भोकांतून जातो. प्रत्येक भोक हा एक छोटा पिनहोल कॅमेराच! लेन्सच्या मागच्या गोल छिद्राची, म्हणजे स्टॉपची, एक धूसर प्रतिमा ते काचेवर पाडतं. हा ठिपका मधे तेजस्वी आणि कडेला मंद असतो. चित्राचा तो भाग उजळ असेल तर मंद कडासुद्धा काचेवर उमटतात आणि ठिपका मोठा येतो. भाग काळोखा असेल तर फक्त मधला टिंब उमटतो. अशा रीतीने राखाडी रंगाच्या हजार छटा ठिपक्यांच्या आकारात बदलतात.

या निगेटिव्हवरून मग तांब्याच्या किंवा जस्ताच्या पत्र्यावर प्रतिमा उतरवायची आणि मधला नको असलेला धातू खाऊन टाकायचा. तांब्यासाठी वापरायचे फेरिक क्लोराइड. हो, आपण मिनी प्रोजेक्टचा पीसीबी ज्यात बुडवतो आणि ज्याचे पिवळे डाग शर्टावरून जन्मात जात नाहीत, तेच!

सगळी गंमत आणि सगळी डोकेदुखी होती ती पडद्याच्या त्या 'थोड्या अंतरात'. अंतर कमी झालं तर ठिपका कडक येतो, छटा जातात. जास्त झालं तर सगळं धुरकट होतं. त्या काळचे बहुतेक ब्लॉकमेकर हे अंतर अनुभवाने ठरवायचे. एक प्लेट काढायची, बघायची, जरा सरकवायचं, परत काढायची. वीस वर्षं काम केलेल्या उस्तादाला ते जमायचं, नवख्याला नाही. आणि ज्याला जमायचं तो ते गुपित म्हणून जपायचा, कारण त्याचं पोट त्यावर होतं.

उपेंद्रकिशोरांना हा अंदाजपंचे कारभार पटला नाही. पडदा, स्टॉप आणि अंतर यांच्यात काही नियम असणारच, आणि असेल तर तो कागदावर काढता यायला हवा, ही त्यांची भूमिका. समरूप त्रिकोण मांडून बघा. स्टॉपच्या व्यासाचं कॅमेऱ्याच्या लांबीशी जे प्रमाण, तेच पडद्याच्या भोकाचं पडद्यामागच्या अंतराशी ठेवायचं, असा साधा हिशोब निघतो. समजा पडदा इंचाला १०० रेघांचा आहे, म्हणजे भोक साधारण १/२०० इंच. स्टॉप कॅमेऱ्याच्या लांबीच्या ६४ वा भाग असेल तर पडदा भोकाच्या ६४ पट अंतरावर ठेवायचा. म्हणजे ०.३२ इंच, जेमतेम ८ मिलिमीटर. त्यात थोडासा फरक पडला तरी चित्र बदलतं.

पण ही झाली सरळ रेषेत जाणाऱ्या प्रकाशाची गोष्ट. वरच्या उदाहरणातलं भोक आहे सुमारे ०.१३ मिलिमीटर. प्रकाशाची तरंगलांबी अर्धा मायक्रॉन धरा आणि फ्रेनेल नंबर काढा. तो १ च्या आसपास येतो! म्हणजे इथे प्रकाश कडांवरून वळतो आणि नुसती भूमिती पुरत नाही. उपेंद्रकिशोरांच्या नजरेतून हे सुटलं नाही. डिफ्रॅक्शनचा हाफटोनवर काय परिणाम होतो यावर त्यांनी वेगळा लेखच लिहिला.

हा लेख छापून आला लंडनच्या 'पेनरोज' वार्षिकात. १८९५ साली सुरू झालेलं हे वार्षिक छपाईच्या धंद्यातल्या जगभरच्या लोकांचं मुखपत्रच होतं म्हणा ना. १८९७ पासून पुढची सुमारे पंधरा वर्षं उपेंद्रकिशोर त्यात लिहीत राहिले. पडदा फोकस कसा करावा, हाफटोनच्या ठिपक्याचा सिद्धान्त काय, तो आलेख काढून कसा समजावा, पडद्याचं अंतर आपोआप कसं जुळवता येईल, असे एकामागून एक विषय. १९०५-०६ च्या अंकात त्यांनी ६० अंशांच्या पडद्याबद्दल लिहिलं. नेहमीच्या पडद्यात रेघा काटकोनात छेदतात, तर या पडद्यात ६० अंशांत. त्यामुळे ठिपके चौकटीऐवजी मधमाशीच्या पोळ्यासारखे बसतात. १९११-१२ च्या अंकात मल्टिपल स्टॉप्सबद्दल. लेन्सच्या स्टॉपला एका छिद्राऐवजी अनेक छिद्रं ठेवली तर पडद्याच्या एकेका भोकातून अनेक ठिपके पडतात, आणि तोच पडदा वापरून जास्त बारीक नक्षीचं चित्र मिळतं. महागडा नवा पडदा घ्यायची गरज नाही! तुटपुंज्या सामानात काम भागवणाऱ्या आपल्या लॅबवाल्यांना हा माणूस आवडावा.

इथे मला थोडं थांबून एक गोष्ट सांगाविशी वाटते. हा माणूस धंदा करत होता. सहा मुलांचा संसार होता. जे गुपित इतरांनी जपलं असतं ते त्याने आकृत्यांसकट जाहीर करून टाकलं, तेही स्पर्धक वाचतील अशा मासिकात. पारतंत्र्याचा काळ. इंग्लंडमधल्या यंत्रांच्या आणि शास्त्राच्या बाजारात कलकत्त्याचा कारखानदार गिऱ्हाईक म्हणून चालत होता. शिकवणारा म्हणून तो येईल असं कोणाला वाटलं नसेल. उपेंद्रकिशोर गिऱ्हाईक म्हणून गेले आणि दोन वर्षांत त्याच दुकानाच्या वार्षिकात शिकवायला लागले. भाषण नाही, घोषणा नाही. फक्त बरोबर असलेलं गणित.

इकडे कलकत्त्यात धंदाही वाढत होता. रंगीत चित्राला तीन किंवा चार ब्लॉक लागतात. लाल, हिरव्या, निळ्या काचेतून वेगवेगळे फोटो घ्यायचे आणि त्यावरून निळसर, गुलाबी, पिवळ्या शाईचे ठसे बनवायचे. प्रत्येक ब्लॉकची जाळी थोड्या वेगळ्या कोनात फिरवावी लागते. नाही फिरवली तर काय होतं ते बघायचं असेल तर एका मच्छरदाणीवर दुसरी मच्छरदाणी धरा. लाटांसारखे जे पट्टे दिसतात, ते म्हणजे मुआरे. रंगीत चित्राचा हा जुना शत्रू. रामानंद चटर्जींच्या 'प्रवासी' आणि 'मॉडर्न रिव्ह्यू' या नावाजलेल्या मासिकांतली रंगीत चित्रं उपेंद्रकिशोरांच्या कारखान्यातल्या ब्लॉकवरून छापली जायची. ज्यांनी कधी प्रदर्शन बघितलं नव्हतं अशा हजारो वाचकांनी भारतीय चित्रकारांची कामं रंगात पहिल्यांदा बघितली ती अशा पानांवर. 'यू. राय अँड सन्स' हे नाव चांगल्या छपाईची खूण झालं.

मुलांसाठी लिहिणं चालूच होतं. प्राचीन काळच्या अजस्र प्राण्यांवर 'सेकालेर कथा', मग मुलांचं महाभारत, आणि १९१० मध्ये 'टुनटुनीर बोई', म्हणजे शिंपी पक्ष्याच्या आणि वाघोबाच्या गमतीच्या गोष्टी. रात्री दुर्बिणीतून तारे बघायचे. मित्रमंडळीत रवींद्रनाथ टागोर आणि जगदीशचंद्र बोस.

मुलगा सुकुमार फिजिक्स आणि केमिस्ट्री घेऊन पदवीधर झाला आणि १९११ साली शिष्यवृत्तीवर इंग्लंडला गेला. विषय? छपाई आणि फोटो-एन्ग्रेव्हिंग! लंडन आणि मँचेस्टरला तो शिकला, वडिलांची मल्टिपल स्टॉप्सची पद्धत त्याने तिथे करून दाखवली, आणि 'पेनरोज'मध्ये स्वतःचे लेखही लिहिले. १९१३ मध्ये तो परत आला.

त्याच वर्षी उपेंद्रकिशोरांनी मुलांचं मासिक काढलं, 'संदेश'. नावात श्लेष आहे. संदेश म्हणजे निरोप आणि संदेश म्हणजे बंगाली मिठाईसुद्धा. संपादक तेच, बऱ्याच गोष्टी त्यांच्याच, चित्रं त्यांचीच आणि चित्रांचे ब्लॉकही त्यांच्याच कारखान्याचे. अठरा-एकोणीस वर्षांपूर्वी ज्या कारणासाठी हा सगळा खटाटोप सुरू झाला होता, ते आता पूर्ण झालं होतं. मुलांच्या हातात पडणारं चित्र आता चित्रकाराच्या मनातल्यासारखंच छापलं जात होतं.

योगायोग बघा, १९१३ च्या मे महिन्यातच मुंबईत दादासाहेब फाळक्यांचा 'राजा हरिश्चंद्र' लागला. फाळकेही मूळचे याच वाटेवरचे. रविवर्मांच्या छापखान्यासाठी काम केलेले, मग स्वतःचा ब्लॉक आणि छपाईचा कारखाना काढलेले, रंगीत छपाईचं यंत्र आणायला १९०९ साली जर्मनीला जाऊन आलेले. फाळके स्वतः सिनेमाकडे वळले. रायांच्या घरात सिनेमा यायला अजून दोन पिढ्या होत्या.

१९१४ च्या सुमारास उपेंद्रकिशोर स्वतः आराखडा काढलेल्या १००, गडपार रोड या घरात राहायला गेले. घर आणि छापखाना एकत्रच. पण तोवर मधुमेहाने त्यांना पोखरलं होतं. २० डिसेंबर १९१५ रोजी वयाच्या ५२ व्या वर्षी ते गेले. इन्शुलिनचा शोध लागला १९२१ साली. त्याच वर्षी, मे महिन्यात, गडपार रोडच्या घरात त्यांचा नातू सत्यजित जन्मला. आजोबा-नातवाची भेट कधी झालीच नाही.

पुढची कहाणी दुःखाची आहे. धंदा आणि 'संदेश' सुकुमारने सांभाळलं. तो स्वतः बंगालीतला अफलातून विनोदी कवी. पण १९२३ साली काळा आजाराने तो छत्तिसाव्या वर्षीच गेला. काही वर्षांतच 'यू. राय अँड सन्स' बंद पडली आणि घरही सुटलं. कॅमेरे, पडदे, यंत्रं सगळं गेलं. सत्यजितला आठवत होता तो फक्त लहानपणी बघितलेला छापखाना.

म्हणून तर त्यांनी सगळं लिहून छापून टाकलं होतं ते किती बरं झालं! कारखाना बुडाला पण गणित बुडालं नाही. गोष्टीही बुडाल्या नाहीत. 'संदेश'मध्ये १९१५ साली आलेली 'गुपी गाइन' ही त्यांची गोष्ट घेऊन सत्यजितनी १९६९ मध्ये 'गुपी गाइन बाघा बाइन' हा सिनेमा केला. रंगीत करायला पैसे नव्हते, म्हणून सगळा सिनेमा कृष्णधवल, आणि फक्त शेवटी रंग. आयुष्यभर कमी सामानात रंग आणणाऱ्या आजोबांना ती युक्ती नक्की आवडली असती. त्याआधी १९६१ मध्ये सत्यजितनी 'संदेश' पुन्हा सुरू केलं होतं, आणि त्यांचा प्रसिद्ध डिटेक्टिव्ह फेलूदा १९६५ साली पहिल्यांदा त्यातच आला.

आता परत आपल्या प्रिंटरकडे येऊ. काचेचा पडदा गेला, त्याच्या जागी प्रोग्रॅम आला. पण प्रश्न तेच राहिले. ठिपका केवढा, आणि कुठे? ६०० डीपीआयच्या लेझर प्रिंटरवर ८ बाय ८ चा चौकोन धरून छटा काढल्या तर ६५ छटा मिळतात, पण मग जाळी इंचाला ७५ रेघांचीच होते. छटा वाढवल्या की बारकावा घटतो. बारकावा वाढवला की छटा घटतात. १९७३ मध्ये बायरने थ्रेशोल्डचा ठरावीक तक्ता देऊन ठिपके कसे पेरायचे ते दाखवलं. १९७६ मध्ये फ्लॉइड आणि स्टाइनबर्ग यांनी प्रत्येक पिक्सेलची चूक शेजाऱ्यांना ७, ३, ५ आणि १ भागिले १६ अशी वाटून द्यायची युक्ती काढली. पुढे उलिचनीने ब्लू नॉइजची कल्पना मांडली. म्हणजे ठिपके असे विखरायचे की डोळ्याला कुठली नक्षीच सापडू नये. रंगीत छपाईत आजही काळ्याची जाळी ४५ अंशांत, निळसर आणि गुलाबीची त्याच्यापासून ३० अंश अलीकडे-पलीकडे, आणि डोळ्याला सर्वांत कमी दिसणारा पिवळा उरलेल्या जागी बसवतात. ठिपक्यांची मांडणी बदलून, नवं यंत्र न घेता चित्र सुधारायचं, हे उपेंद्रकिशोरांनी सहा दशकं आधी काचेच्या पडद्यावर करून पाहिलं होतं.

आपण लॅबमध्ये काय करतो ते मी वेगळं सांगायला नको. रीडिंग जुळेपर्यंत नॉब फिरवतो, जुळलं की जर्नलमध्ये उतरवतो आणि सही घेतो. का जुळलं हे विचारायला वेळ नसतो. कलकत्त्यातल्या त्या बी.ए. झालेल्या गोष्टीवेल्हाळ माणसाला कोणी सबमिशन मागितलं नव्हतं, मार्क द्यायचे नव्हते. त्याच्या मुलांच्या पुस्तकातलं चित्र बिघडलं होतं, एवढंच. पडदा सरकवत बसण्याऐवजी त्याने विचारलं की तो इतकाच का सरकवायचा, आणि उत्तर मिळाल्यावर ते सगळ्यांना सांगून टाकलं. मला यात इंजिनीअरिंग दिसतं.

तेव्हा मंडळी, पुढच्या वेळी प्रोजेक्ट रिपोर्टच्या रंगीत पानावर पट्टे आले तर झेरॉक्सवाल्याशी भांडण्याआधी पानावर भिंग धरा. जाळीचा कोन बघा, ठिपक्यांची वस्ती बघा. चूक कदाचित तिथेच सापडेल. आणि नाही सापडली तरी, कोणा एकाने शंभर वर्षांपूर्वी याच ठिपक्यांकडे किती प्रेमाने बघितलं होतं, ते तरी आठवेल.

(टी.ई., इलेक्ट्रॉनिक्स)